कर्नल अपग्रेडनंतर लिनक्स संगणक हँग होतो: तपास कोणत्या क्रमाने करावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील गाळे, नवी मुंबईतील महापे आणि तुर्भे येथील लहान कार्यालये, ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर घरूनच काम करणारी मंडळी, या सगळ्यांच्या उबंटू संगणकांची देखभाल करताना एक प्रकार पुन्हा पुन्हा पाहायला मिळतो. अपग्रेड होते, संगणक रीस्टार्ट होतो आणि काही तासांत पडदा जागच्या जागी थांबतो. मग कोणी रॅम काढून खोडरबराने पुसतो, कोणी बायोसमधील सेटिंग बदलतो, कोणी इंटरनेटवर सापडलेले तीन पॅरामीटर (सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) एकदम जोडून टाकतो आणि शेवटी कोणीतरी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. फॉरमॅटनंतरच्या पहिल्याच अपडेटमध्ये तोच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा बसतो आणि तोच त्रास पुन्हा सुरू होतो. यातले बहुतेक उपाय एरवी योग्यच असतात, पण ते चुकीच्या क्रमाने आणि एकाच वेळी केल्यामुळे दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

पुढील क्रम उबंटू 22.04 आणि 24.04 गृहीत धरून लिहिला आहे. मिंट आणि डेबियनवर तो जवळजवळ तसाच चालतो. कमांड, फाइल आणि पॅरामीटर यांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टाइप करावीत. केवळ ‘ग्रब_’ने सुरू होणारी सेटिंगची नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत.

टप्पा 1: हँग झालेल्या क्षणी काय पाहावे

पॉवर बटणाकडे हात जाण्यापूर्वी दोन मिनिटे थांबावे, कारण या दोन मिनिटांत मिळणारी माहिती नंतर कोणत्याही लॉगमध्ये सापडत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ किती वाजता थांबले आहे ते कागदावर लिहून ठेवावे. लॉग वाचताना हीच वेळ शोधायची असते. त्यानंतर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

1. माउसचा बाण हलतो का? बाण हलतो पण क्लिक लागत नाही, असे असेल तर डेस्कटॉप अडकला आहे, कर्नल बहुधा जिवंत आहे.

2. कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरील दिवा लागतो-विझतो का? दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक झाला आहे, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबला आहे, आणि आता कशाचीही वाट पाहण्यात अर्थ नाही.

3. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिन येते का?

4. त्याच वायफायवरील दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पिंगला उत्तर मिळते का? एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून टर्मिनलद्वारे आत शिरण्याची सोय; तिची तयारी टप्पा 3 मध्ये) आत जाता येते का?

5. डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे का? तसा असेल तर मेमरी संपून स्वॅपची, म्हणजे रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेची, ओढाताण चालू असण्याची शक्यता आधी तपासावी. 4 जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या की हे कोणत्याही कर्नलवर होते.

पडदा मेलेला आहे पण एसएसएच चालते, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. पिंगला उत्तर मिळते पण एसएसएच आत घेत नाही, तर डिस्क किंवा मेमरीकडे पाहावे. काहीच उत्तर नसेल तर कर्नल पूर्ण अडकला आहे किंवा दोष हार्डवेअरचा आहे.

बंद करतानाही पॉवर बटण सर्वांत शेवटी. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन, म्हणजे सिस-रिक्वेस्टची कळ, दाबून धरून एस, यू, बी ही अक्षरे दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबावीत. एसने डिस्कवर न लिहिलेला डेटा लिहिला जातो, यूने डिस्क केवळ वाचण्यापुरती उरते आणि बीने संगणक रीस्टार्ट होतो. लॅपटॉपवर बहुधा एफएन कळही सोबत लागते. इंटरनेटवर सर्वत्र आर, ई, आय, एस, यू, बी अशी सहा अक्षरांची साखळी दिलेली असते. उबंटूमध्ये मात्र या सुविधेचे मूल्य मुळात 176 असते, आणि 16, 32 व 128 यांची ती बेरीज फक्त शेवटच्या तीन अक्षरांनाच परवानगी देते. पहिल्या तिघांनी काही होत नाही म्हणून कळ बिघडली असे समजू नये.

टप्पा 2: जुन्या कर्नलवर परत जाणे

संगणक सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू उघडावा. जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावी लागते. यूईएफआय असलेल्या यंत्रावर कंपनीचे चिन्ह दिसून गेल्यावर एस्केप एकदाच दाबावी. एस्केप वारंवार दाबल्यास मेनूऐवजी ग्रबची कमांड ओळ उघडते. तसे झाले तर रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करावा. मेनूतील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू’मध्ये बसवलेल्या सर्व कर्नलांची यादी असते. तिच्यातून नव्याच्या लगेच आधीचा कर्नल निवडावा. प्रत्येकाखाली ‘रिकव्हरी मोड’चीही एक ओळ असते. ती येथे निवडू नये, कारण त्या मोडमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर वेगळ्या रीतीने चालतो आणि तुलना बिघडते.

तपासणी: आत गेल्यावर ‘यूनेम -आर’ चालवावे. उत्तर 6.8.0-45-जनरिक अशा स्वरूपात येते. हायफननंतरचा आकडा महत्त्वाचा आहे, 6.8.0-45 आणि 6.8.0-47 हे दोन वेगळे कर्नल आहेत. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत: चालणारा कोणता आणि हँग होणारा कोणता.

सावधान: या टप्प्यापासून तपास संपेपर्यंत ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ (एपीटी म्हणजे पॅकेज बसवण्या-काढण्याचे साधन) चालवू नये. जागा मोकळी करण्याच्या नादात तो जुना कर्नल काढून टाकू शकतो आणि मग तुलनेसाठी हाती काही उरत नाही. खबरदारी म्हणून ‘सूडो एपीटी-मार्क मॅन्युअल’ या कमांडपुढे त्या कर्नलच्या लिनक्स-इमेज, लिनक्स-मोड्यूल्स आणि लिनक्स-मोड्यूल्स-एक्स्ट्रा या तिन्ही पॅकेजांची आवृत्तीसह पूर्ण नावे द्यावीत. फेडोरामध्ये मुळात तीनच कर्नल ठेवले जातात. तिथे डीएनएफच्या कॉन्फिग फाइलमधील ‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’ वाढवून घ्यावी.

मेनूत जुना कर्नल उरलाच नसेल तर ‘एपीटी लिस्ट’ने भांडारात आधीच्या कोणत्या आवृत्त्या आहेत ते पाहून एक बसवावी. मोड्यूल्स-एक्स्ट्रा विसरल्यास वायफाय किंवा आवाज गायब होतो आणि ‘जुनाही बिघडला’ असा गैरसमज होतो.

टप्पा 3: तपासापूर्वीची तयारी

ही सर्व तयारी जुन्या कर्नलवर असतानाच करावी. यात अर्धा तास जातो, आणि बहुतेक लोक नेमका हाच अर्धा तास वाचवायला जातात.

1. बॅकअप. होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. वारंवार हँग होऊन बटणाने बंद होणाऱ्या यंत्राची फाइलसिस्टिम कधीही दगा देऊ शकते. टॅली किंवा ड्रॉइंगचा डेटा वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तोही यात धरावा.

2. वीज. पावसाळ्यात यूपीएसशिवाय कर्नलशी संबंधित कोणतेही पॅकेज बसवू नये. बसवण्याच्या मध्यात वीज गेली तर कर्नल अर्धवट राहतो आणि त्याचे वागणे दोषयुक्त कर्नलसारखेच दिसते. असे घडल्याची शंका असेल तर आधी ‘सूडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून राहिलेले काम पूर्ण करून घ्यावे.

3. बूट पार्टिशनमधील जागा. ‘डीएफ -एच /बूट’ पाहावे. डिस्क एन्क्रिप्ट करून बसवलेल्या उबंटूमध्ये बूटचे वेगळे, लहान पार्टिशन असते आणि काही अपग्रेडनंतर ते भरते. मग नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (सुरू होताना मुख्य डिस्क जोडण्यासाठी लागणारी) फाइल तयारच होत नाही आणि सुरू होताना पडद्यावर ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’ अशी ओळ येऊन यंत्र थांबते. तुर्भ्याच्या एका गोदामातील हिशेबाच्या संगणकावर नेमके हेच झाले होते आणि तिथे दुसरी हार्ड डिस्क विकत घेण्यापर्यंत गोष्ट गेली होती. अशा वेळी सर्वांत जुना, सध्या न चालणारा आणि तुलनेसाठी न लागणारा एखादा कर्नल नावाने काढावा. नंतर ‘सूडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ यापुढे नव्या कर्नलची आवृत्ती देऊन फाइल तयार करावी आणि ‘सूडो अपडेट-ग्रब’ चालवावे.

4. लॉग टिकवणे. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर अस्तित्वात आहे का पाहावे. नसेल तर लॉग केवळ मेमरीत राहतो आणि रीस्टार्टबरोबर पुसला जातो. /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ या फाइलमध्ये ‘स्टोरेज=पर्सिस्टंट’ करावे. त्याच फाइलमधील ‘सिंकइंटर्व्हलसेक’ मुळात 5 मिनिटांचा असतो. म्हणजे अत्यंत गंभीर संदेश सोडले तर हँग होण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी डिस्कवर पोहोचलेल्याच नसतात. तपासापुरता तो 10 सेकंदांवर आणावा आणि नंतर पूर्ववत करावा. या दोन्ही नावांत मोठी-लहान अक्षरे फाइलमध्ये आधीच दिलेली आहेत. ओळीच्या सुरुवातीचे # चिन्ह काढून तीच वापरावीत.

5. बाहेरून पाहण्याची सोय. उबंटू डेस्कटॉपवर एसएसएच सर्व्हर मुळात बसवलेला नसतो. ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज बसवून यंत्राचा आयपी पत्ता टिपून ठेवावा.

6. ग्रबचा मेनू. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट=10’ करून ‘सूडो अपडेट-ग्रब’ चालवावे. प्रत्येक वेळी एस्केपची अचूक वेळ साधण्याची कसरत वाचते.

टप्पा 4: दोष खरोखर नव्या कर्नलचा आहे का

जुन्या कर्नलवर संगणक एक दिवस नीट चालला म्हणजे दोष नव्याचा, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. मुळात नव्या कर्नलवर दोन हँगमध्ये दोन दिवसांचे अंतर पडत असेल तर एका दिवसाच्या शांततेतून काहीच सिद्ध होत नाही. नव्या कर्नलवर दोन हँगमधील सर्वांत मोठे अंतर जितके असेल त्याच्या किमान तिप्पट काळ जुना चालवावा, आणि तोही नेहमीचेच काम करत: तीच सॉफ्टवेअरे, तोच दुसरा मॉनिटर, झाकण बंद-उघड करण्याची तीच सवय. रविवारी रिकाम्या कार्यालयात नुसते चालू ठेवलेले यंत्र हँग झाले नाही, ही चाचणी नव्हे.

या काळात आणखी काहीही बदलू नये. रॅम पुसू नये, बायोस अपडेट करू नये, एपीटीने नवे काही बसवू नये. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमचे संपर्क खराब होतात आणि खोडरबराने पुसल्यावर यंत्र सुधारते, हे खरे आहे. पण कर्नल बदलला आणि त्याच दिवशी रॅमही पुसली, तर श्रेय कोणाला द्यायचे ते ठरवता येत नाही.

जुन्या कर्नलवरही हँग झाला तर टप्पा 5 पाहून थेट टप्पा 9 कडे जावे. झाला नाही तर क्रमाने पुढे चालावे.

टप्पा 5: कर्नलसोबत आणखी काय आले

एका अपडेटमध्ये कर्नल एकटा येत नाही. /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग या फाइलमध्ये त्या दिवशीच्या सर्व पॅकेजांची यादी तारीख-वेळेसह असते. तिच्यात लिनक्स-फर्मवेअर, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी), एनव्हीडिया, इंटेल-मायक्रोकोड किंवा एएमडी64-मायक्रोकोड यांपैकी काही आहे का ते पाहावे. ग्रबमधून जुना कर्नल निवडल्याने केवळ कर्नल मागे जातो; फर्मवेअर आणि मेसा नवेच राहतात. जुन्या कर्नलवरही हँग सुरूच राहिला, तर या पॅकेजांवर संशय घ्यायला जागा आहे.

अपडेटचा दिवस आणि रीस्टार्टचा दिवस हे वेगळे असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. कार्यालयातील यंत्र महिनाभर बंदच केलेले नसते, तेवढ्यात तीन कर्नल बसून जातात आणि रीस्टार्टनंतर यंत्र एकदम शेवटच्यावर उडी घेते. ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ने प्रत्येक सुरुवातीची वेळ दिसते, ती यादी आणि एपीटीची फाइल शेजारी-शेजारी ठेवून वाचावी. एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) वापरणाऱ्यांच्या बाबतीत उडी मोठीही असू शकते: 24.04 मूळ 6.8 कर्नलसह आले, पण नव्या हार्डवेअरसाठीच्या एचडब्ल्यूई शाखेवरील यंत्रे पुढे 6.11 आणि 6.14 वर गेली. 22.04 मध्ये हाच प्रवास 5.15 पासून 6.8 पर्यंत झाला. अशा वेळी मूळ शाखेचा कर्नल बसवून पाहणे हा सर्वांत कमी त्रासाचा उपाय असतो.

टप्पा 6: बाहेरून जोडलेले मोड्यूल

संगणक सुरू होतानाच काळ्या पडद्यावर अडकत असेल तर लॉग उपसण्याआधी हा टप्पा करावा. एनव्हीडियाचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स आणि काही वायफाय डोंगलांचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर असतात आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्यांची पुन्हा बांधणी व्हावी लागते.

1. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवावे; डीकेएमएस हे ही बांधणी आपोआप करणारे साधन आहे. प्रत्येक मोड्यूलसमोर नव्या कर्नलची आवृत्ती आणि ‘इन्स्टॉल्ड’ हा शब्द दिसला पाहिजे. जुन्यासमोर दिसतो, नव्यासमोर नाही, तर कारण सापडले.

2. बांधणी झालेली नसेल तर नव्या कर्नलचे लिनक्स-हेडर्स पॅकेज आहे का पाहावे, नसल्यास बसवावे आणि ‘सूडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’ यापुढे आवृत्ती द्यावी. तरीही बांधणी फसली तर त्या ड्रायव्हरची आवृत्ती या कर्नलसाठी जुनी पडली आहे; ड्रायव्हर नवा बसवावा किंवा जुन्या कर्नलवरच राहावे.

3. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट (केवळ सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का पाहावे. ते चालू असताना बाहेरच्या मोड्यूलवर नोंदवलेल्या किल्लीची सही असावी लागते. ड्रायव्हर बसवल्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो आणि त्यात ‘एनरोल मोक’ निवडून पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ निवडले जाते, आणि मग लॉगमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ अशी ओळ येत राहते.

तात्पुरते आत शिरण्यासाठी ग्रबमध्ये ग्राफिक्स साध्या मोडमध्ये ठेवणारे ‘नोमोडसेट’ जोडता येते (कसे ते टप्पा 8 मध्ये). ते चालले तर दोष ग्राफिक्सच्या बाजूचा आहे एवढे कळते. त्याला कायमचा उपाय मानून वर्षानुवर्षे कमी रिझोल्यूशनवर काम करणारी यंत्रे पाहिली आहेत. तसे करू नये.

टप्पा 7: लॉग वाचणे

नव्या कर्नलवर जावे, हँग होऊ द्यावे, एस-यू-बीने रीस्टार्ट करावे आणि जुन्या कर्नलवर परतून ‘जर्नलसीटीएल -के -बी -1’ चालवावे. -1 म्हणजे लगेच आधीची सुरुवात. मध्ये आणखी एकदा रीस्टार्ट झाले असेल तर -2. शेवटाकडून वर वाचत यावे आणि कागदावर लिहिलेली घड्याळाची वेळ शोधावी. सुरुवातीच्या सेकंदांतील लाल ओळी पाहून घाबरू नये; निरोगी यंत्रावरही एसीपीआयच्या (वीज व हार्डवेअर व्यवस्थापनाच्या) डझनभर तक्रारी असतात. जुन्या कर्नलच्या लॉगमध्येही तीच ओळ असेल तर ती आरोपी नव्हे.

‘सॉफ्ट लॉकअप – सीपीयू#3 स्टक फॉर 22एस’ अशी ओळ म्हणजे एक सीपीयू कर्नलच्या आतच अडकून बसला आणि दुसऱ्या कशालाही पाळी देईना. या ओळीखाली ‘आरआयपी’ने सुरू होणारी ओळ आणि ‘कॉल ट्रेस’ असतो. त्यात वारंवार येणाऱ्या मोड्यूलचे नाव, उदाहरणार्थ एएमडीजीपीयू किंवा आयडब्ल्यूएलवायफाय, टिपावे.

‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन 120 सेकंड्स’ ही ओळ बहुतेक वेळा डिस्क किंवा नेटवर्कवरील साठ्याकडे बोट दाखवते. कार्यालयात एनएएस बॉक्स (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) एनएफएसने जोडलेला असेल तर आधी त्याची केबल आणि स्विच पाहावा. साठा नाहीसा झाला की त्यावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम थिजतात आणि दोष कर्नलच्या नावावर पडतो.

‘जीपीयू हँग’ किंवा ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ म्हणजे ग्राफिक्स. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ म्हणजे रॅम संपली. ‘हार्डवेअर एरर’ या शब्दांसह एमसीईची (प्रोसेसरने स्वतः पकडलेल्या हार्डवेअर बिघाडाची) नोंद दिसली तर सॉफ्टवेअरचा तपास थांबवून टप्पा 9 गाठावा.

‘एनव्हीएमई0: कंट्रोलर इज डाउन, विल रिसेट’ ही ओळ (एनव्हीएमई म्हणजे एसएसडीचा एक प्रकार) नेहमीच्या लॉगमध्ये क्वचितच सापडते, कारण ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच त्या क्षणी गायब झालेली असते. वागळे इस्टेटमधील एका ड्रॉइंग ऑफिसातले यंत्र नेमके जेवणाच्या सुट्टीत अडकायचे. घड्याळ पावणेदोनच्या आसपास थांबलेले, बाण हलतो, उघडलेल्या ड्रॉइंगवर झूमही होते, पण सेव्ह दाबले की सारे ठप्प. मेमरीत असलेले तेवढे चालत होते, डिस्क लागली की थांबत होते. लॉग मात्र दीड वाजताच कोरा. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत जाऊन ‘सूडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवावे आणि ती खिडकी उघडीच सोडावी; ‘डीमेसेज’चे टाइप करण्याचे अक्षररूप डी-एम-ई-एस-जी असे आहे. यंत्र अडकले तरी शेवटच्या ओळी दुसऱ्या पडद्यावर उरतात. त्या ऑफिसात त्या खिडकीत हीच एनव्हीएमईची ओळ मिळाली. रिकाम्या वेळी एसएसडी वीज वाचवण्याच्या खोल अवस्थेत जात होती आणि नव्या कर्नलवर तिथून परत येत नव्हती.

तपासणी: लॉगमध्ये काहीच सापडले नाही, तरी ती माहितीच आहे. दुसऱ्या पडद्यावरची खिडकीही एकही ओळ न देता थांबली, तर डिस्क, वीजपुरवठा किंवा सीपीयूच्या विश्रांती अवस्था यांचा विचार पुढे आणावा.

टप्पा 8: एका वेळी एकच पॅरामीटर

ग्रबच्या मेनूत नवा कर्नल निवडलेला असताना ई दाबावी. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर जोडून कंट्रोल-एक्स किंवा एफ10 दाबावे. हा बदल एका सुरुवातीपुरताच राहतो, म्हणून तो निर्धास्तपणे करता येतो. त्याच ओळीतील ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढले तर सुरू होतानाचे संदेशही दिसतात.

लॉगने दाखवलेल्या दिशेनुसार एकच निवडावा:

1. एनव्हीएमई गायब होत असेल तर ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=0’. त्याने भागले नाही तरच ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’. अलीकडचे कर्नल त्या चुकीच्या ओळीखाली हीच सूचना स्वतःच छापतात, पण तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

2. इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर पडदा थिजत असेल तर ‘आय915.एनेबल_पीएसआर=0’. एएमडीवर त्याच कारणासाठी ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=0एक्स10’.

3. झाकण उघडल्यावर लॅपटॉप जागा होत नसेल तर आधी /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचावी. त्यात ‘डीप’ हा पर्याय दिसत असेल तरच ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ करून पाहावे.

4. काम नसताना, विशेषतः रात्री, इंटेल यंत्र पूर्ण थिजत असेल तर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1’. याने विजेचा वापर आणि उष्णता वाढते. हा उपाय चाचणीपुरताच बरा.

प्रत्येक पॅरामीटरसाठी टप्पा 4 मधील तिप्पट काळाचा नियम लावावा. उपयोग झाला तरच तो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधील ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणचिन्हांच्या आत लिहून ‘सूडो अपडेट-ग्रब’ चालवावे. उपयोग नसेल तर तो काढून मगच दुसरा घ्यावा. चार पॅरामीटर एकदम जोडून यंत्र सुधारले तर त्यांतले तीन विनाकारण कायमचे राहतात, आणि पुढच्या कर्नलवर त्यांचाच त्रास होतो.

तपासणी: ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने पॅरामीटर खरोखर लागू झाला का ते पाहावे. शुद्धलेखनाची चूक असेल तर कर्नल बहुधा तक्रार न करता पुढे जातो.

टप्पा 9: हार्डवेअर, जुना कर्नलही अडकत असेल तर

मेमटेस्ट86+ रात्रभर चालवावा; एक जरी चूक निघाली तरी रॅमची पट्टी संशयित धरावी, आणि रबराने पुसायचे तर ते आता. ‘सूडो स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कची प्रकृती आणि ‘सेन्सर्स’ने तापमान पाहावे. लेथ आणि ग्राइंडरच्या शेजारी असलेल्या गाळ्यांत पंख्यात धातूची बारीक पूड आणि तेलकट धूळ साचते. ऑक्टोबरच्या उन्हात एसी नसलेल्या पोटमाळ्यावरचे यंत्र मग दुपारीच अडकते, सकाळी नाही. हँगच्या लिहून ठेवलेल्या वेळा इथे उपयोगी पडतात. शेजारी वेल्डिंग सुरू झाले की दिवे मंद होत असतील तर यंत्र काही दिवस दुसऱ्या जागी नेऊन चालवावे. बायोसचे नवे अपडेट बसवायचे तर तेही याच टप्प्यात, आणि एकटेच.

टप्पा 10: नवा कर्नल रोखणे, कळवणे आणि पुन्हा स्वीकारणे

पॅरामीटरने काम झाले नाही तर जुन्या कर्नलवर राहावे. ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’ या ओळी लिहून ‘सूडो अपडेट-ग्रब’ चालवावे आणि मेनूतून एकदा जुना निवडावा; पुढे तोच लक्षात राहतो. बूट फोल्डर एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला ही नोंद लिहिता येत नाही, त्यामुळे रीस्टार्ट करून खात्री करावी. नंतर ‘सूडो एपीटी-मार्क होल्ड’पुढे लिनक्स-जनरिक, लिनक्स-इमेज-जनरिक आणि लिनक्स-हेडर्स-जनरिक ही नावे द्यावीत; 24.04 च्या एचडब्ल्यूई शाखेवर या नावांना ‘-एचडब्ल्यूई-24.04’ असे शेपूट असते.

सावधान: होल्ड असेपर्यंत कर्नलच्या सुरक्षा दुरुस्त्याही येत नाहीत. इंटरनेटला थेट उघडे असलेले यंत्र असे महिनोनमहिने ठेवू नये. होल्डची तारीख कॅलेंडरमध्ये टाकावी.

दोष कळवताना हँग होणाऱ्या कर्नलवर असताना ‘उबंटू-बग लिनक्स’ चालवावे. अहवालाच्या शीर्षकातच चालणारी शेवटची आणि बिघडलेली पहिली आवृत्ती लिहावी. या दोन आवृत्त्यांमध्ये आणखी आवृत्त्या असतील तर मधली बसवून पाहावी, मग उरलेल्या अर्ध्याची मधली. चार-पाच चाचण्यांत नेमकी उडी सापडते. एनव्हीडियासारखा बाहेरचा मोड्यूल चालू असल्यास ‘कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’ शून्याऐवजी दुसरा आकडा देतो. शक्य असेल तर त्याच्याशिवाय हँग घडवून दाखवावा. असा अहवाल लवकर वाचला जातो.

पुढची आवृत्ती आली की ‘एपीटी-मार्क अनहोल्ड’ करून ती बसवावी आणि ग्रबमधून हाताने निवडून पाहावी. ‘सेव्हडिफॉल्ट’ चालू असल्याने चाचणी फसली तर जुना पुन्हा हातानेच निवडावा लागतो. ऐरोली किंवा महापे येथील सर्व्हर खोलीत कीबोर्डजवळ कोणीही नसलेल्या यंत्रासाठी ही पद्धत चालत नाही. तिथे ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने जुना कर्नल कायम ठेवावा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा केवळ पुढच्या एका सुरुवातीसाठी निवडावा. नव्याच्या ओळीत ‘पॅनिक=10’ आणि ‘सॉफ्टलॉकअप_पॅनिक=1’ जोडले की तो सुरू होताना किंवा नंतर अडकला तर पॅनिकनंतर दहा सेकंदांनी यंत्र स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्यावर परत येते. मात्र डिस्कच गायब झाल्यामुळे थिजलेले यंत्र या दोन पॅरामीटरांनी हलत नाही. त्याच्यासाठी मदरबोर्डवरील हार्डवेअर वॉचडॉग (थिजलेले यंत्र आपोआप रीस्टार्ट करणारी सोय) चालू असावा, किंवा त्या संध्याकाळी इमारतीत कोणाला तरी थांबायला सांगावे.